निळ्या सदऱ्यातला डावा हात

वश्या, तुझ्या मयताला पाच हजार माणूस होता. चारोटी नाक्यापासून रानशेतपर्यंत नुसती डोकी. हायवेवर ट्रकांची रांग पार तलासरीपर्यंत गेली होती आणि गुजरातचे ड्रायव्हर खाली उतरून विचारत होते, कोण मोठा साहेब गेला म्हणून.

आता तू मान वर न करता म्हणणार, "दोनशे."

बरं, दोनशे. ट्रक थांबले होते ते हॉटेलांवर जेवायला, रोजच्यासारखे.

पण गंमत बघ. हीच पाच हजारांची गोष्ट मी इतके दिवस चारोटीच्या टपरीवर सांगतोय आणि लोक ती अख्खीच्या अख्खी गिळतायत. "असणारच, बबनशेठ," म्हणतात. डोळे पुसतात. एकानेही अजून कापली नाही. माझ्यासारख्या थापाड्याला असं सोडून जाऊ नये रे. थाप मारणाऱ्याच्या शेजारी कात्री धरून बसलेला एक माणूस लागतो, नाहीतर थाप कुठे संपवायची तेच कळत नाही. परवा सांगता सांगता मी आठ हजारांवर गेलो. समोरचा मान डोलावतच होता. मग माझी मलाच भीती वाटली आणि चहा अर्धा टाकून उठलो.

आपली दोस्ती झाली तीही अशीच. रानशेतच्या मैदानावर टेनिस बॉलच्या मॅचेस. मांडव माझा, भोंगे माझे, म्हणून माइकही माझाच. मी ओरडायचो, "चेंडू थेट उंबरगावच्या समुद्रात, सहा धावाऽऽ!" आणि शेजारी तू, मांडीवर फळा, डाव्या हातात खडू, शांतपणे लिहायचास: चार. लोक माझ्या आवाजावर टाळ्या पिटायचे आणि तुझ्या फळ्याकडे बघून थांबायचे. पहिल्याच दिवशी मी माइकवर हात ठेवून विचारलं, "माझं नाक का कापतोस रे?"

"टप्पा पडला होता," तू म्हणालास.

बस. त्यानंतर तू मला भोंग्या म्हणायला लागलास आणि मी तुझ्याशिवाय एकही मॅच बोललो नाही.

तुझं काम तसंच होतं, मुक्याचं. डहाणूच्या गल्लीत दिवसभर वाकून बसायचं, पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांची नक्षी कोरायची. त्या ठोकळ्याला सगळे डाय म्हणतात; सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकतो आणि फूल उमटून येतं. फूल बायकांच्या कानात दिसतं, डाय कधी कोणाला दिसत नाही. तुला ते चालायचं. मला नसतं चालल‌ं. मी डाय कोरला असता तर त्यावर फुलाऐवजी माझं नाव उमटलं असतं, दिव्यांच्या माळेसकट.

आणि मग आपण पिक्चर काढला.

जिल्हा नवा झाला होता, त्याच्या पुढच्या थंडीत. तलासरीचा हितेश लग्नाचं शूटिंग करून कंटाळला होता. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि आपल्या दोघांना हॉटेलात बसवून म्हणाला, "बबनभाई, काहीतरी आपलं करू ने. नवरा-नवरी बघून बघून डोळे गेले माझे."

गोष्ट मी दिली. नाव पण मी दिलं: 'अंग एक, मालक दोन'. गणपा नावाचा एक बडबड्या, लग्नात माइकवर ओरडणारा. हा माणूस मला कुठून सुचला ते विचारू नकोस. त्याच दिवशी शेजारच्या पाड्यावर सखाराम नावाचा मुकाट कारागीर मरतो. यमाचा कारकून घाईत असतो, तो सखारामचा आत्मा चुकून गणपाच्या अंगात ढकलतो. उजवं अंग गणपाचं, डावं सखारामचं. मुदत चाळीस दिवस. सखारामने बायकोसाठी एक फूल कोरायला घेतलेलं असतं, ते अर्धं राहिलेलं असतं. तेवढं पुरं झालं की तो जाणार. सखाराम कारागीर असावा हे मात्र तू सुचवलंस. पूर्ण गोष्टीत तुझी भर तेवढीच, आणि लोकांच्या लक्षात तेवढीच राहिली.

एकाच माणसात दोन माणसं दाखवायची कशी? हितेश म्हणाला कॉम्प्युटरने होतं, पण तसला कॉम्प्युटर त्याच्याकडे नाही. मी म्हणालो, त्यात काय, मी डावा हात वेगळा चालवतो. चालवून दाखवला. हितेश म्हणाला, "हा तर ताडी प्यायलेला माणूस वाटतो."

तेव्हा तू चहाची बशी खाली ठेवून म्हणालास, "मी मागे उभा राहतो."

तुझ्या घरी वहिनींनी सदरा शिवला. निळ्या चौकड्यांचा, दोन माणसं मावतील एवढा, पाठीला चीर ठेवलेला. माझा डावा हात दोरीने माझ्याच कमरेला बांधायचा. तू मागून वाकून आत शिरायचास, कपाळ माझ्या पाठीला टेकवायचास आणि तुझा डावा हात डाव्या बाहीतून बाहेर काढायचास. समोरून बघितलं तर एकच माणूस. फक्त त्याला कुबड. ते कुबड म्हणजे तुझं डोकं.

हितेश म्हणाला, "हिरोला कुबड? पब्लिक विचारणार." मी म्हणालो, "सांगू की, दोन आत्मे राहतात, जागा लागते." आतून तू हसलास. माझी पाठ हलली. ते हसू फिल्ममध्ये आहे, वश्या. हॉटेलच्या सीनमध्ये गणपा खुर्चीत बसल्या बसल्या मधेच दोनदा हलतो, ते तू हसतोयस.

आता तुझ्या कामाबद्दल बोलू दे. इतक्या वर्षांत मी माझ्याच कामाबद्दल बोललो.

माझं काम भंगार होतं. डोळे फिरव, तोंड वाकडं कर, प्रत्येक वाक्याला आकाशाकडे बघ. कॅमेरा समोर आला की मला वाटायचं समोर अख्खं मैदान बसलंय. आणि तुझा हात? तो काहीच करायचा नाही. गणपा खोटं बोलत असायचा आणि डावा हात नुसता टेबलावर पडून असायचा. मग एक बोट उचललं जायचं. एकच. आणि लोक हसायचे. पिक्चर बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, "अगं बाई, त्याला पटलं नाही!" बोटाला पटलं नाही हे कळायला काय लागतं ते मला आजवर समजलेलं नाही.

तो थप्पडेचा सीन आठव. उजवा हात म्हाताऱ्या भाडेकरूवर उगारतो आणि डावा तो मनगटात धरतो. मी सांगितलं होतं, जोरात धर, झटापट दिसली पाहिजे. तू धरलंस ते डॉक्टर नाडी बघतो तसं. मी चिडलो. "अरे, भांडण आहे हे!" आतून तुझा आवाज आला, "तो थांबवतोय. भांडत नाहीये." दहा वेळा केलं. बरं, तीन. तिन्ही वेळा तू तसंच धरलंस आणि तिसऱ्यांदा माझा उजवा हात खरोखरच खाली आला, माझी परवानगी न घेता.

आणि डासाचा सीन! तू बाहीतून हात काढून शहाण्यासारखा चिकू सोलतोयस, आणि माझ्या पोटाला डास चावला. माझा बांधलेला डावा हात दोरीतून निसटला, सदऱ्याखालून बाहेर आला, पोट खाजवून परत आत गेला. हितेशने नंतर बघितलं तेव्हा पडद्यावर गणपाला तीन हात. मी म्हणालो पुन्हा करू. हितेश म्हणाला, "अरे, कोण जुए छे, कोण बघतंय! चिकू संपले." कोणी पाहिलंही नाही. सगळे तुझं चिकू सोलणं बघत होते. खालून सुरुवात करून, अंगठ्याच्या नखाने, साल एकाच पट्टीत. मग तो हात चिकू माझ्या तोंडापर्यंत आणायचा आणि बरोबर तोंडातच घालायचा, न बघता.

पण खरा सीन कोरण्याचा. त्याला दोन हात लागतात. छिन्नी माझ्या उजव्या हातात, हातोडी तुझ्या डाव्या हातात. मी ठोकळ्यावर छिन्नी टेकवायची आणि तू मागून, सदऱ्याच्या अंधारात, काही न दिसता घाव घालायचा. मी हितेशला म्हणालो, माझा विमा काढ आधी. मी आजवर सगळीकडे सांगत आलो की त्या सीनमध्ये चार हजार घाव पडले.

साठ. मला माहीत आहे. साठ.

साठातला एकही माझ्या अंगठ्यावर पडला नाही. संध्याकाळी हात धुताना मी विचारलं, "तुला कळतं कसं रे?" तू साबण लावत म्हणालास, "छिन्नी टेकली की तुझा श्वास थांबतो. तेवढ्यात मारायचं." एवढं बोलून तू टॉवेल शोधायला गेलास. बायकोनेही माझा श्वास कधी असा मोजला नव्हता.

शेवटावर आपण भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून आज पुन्हा काढतो. फूल पुरं होतं, सखारामच्या आत्म्याची जायची वेळ येते. डाव्या हाताने जाता जाता काय करायचं? मी म्हणालो, कडक सलाम. पब्लिक उठून टाळ्या वाजवेल. तू म्हणालास, "बटण लावायचं."

"कसलं बटण?"

"गणपाच्या सदऱ्याचं वरचं बटण कायम उघडं असतं. ते लावायचं आणि हात खाली सोडायचा."

"ह्यात टाळी कुठे आहे?"

"नाही," तू म्हणालास. "टाळी नाही."

हितेशने दोन्ही घेतले. ठेवला सलाम, कारण मी त्याच्या डोक्यावर बसलो होतो. तुझं बटण त्याच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलं. कुठेच उरलं नाही.

पिक्चर पहिल्यांदा दाखवला तो रानशेतलाच. माझ्याच मांडवाचा पांढरा पडदा, त्यावर चहाचा डाग, त्यामुळे सबंध पिक्चरभर माझ्या गालावर तीळ. लोक खदाखदा हसले. तुझी आई पुढे बसली होती. चिकूचा सीन आला तशी ती उठली, मागे आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, डाव्या हाताने खातोस? तुझ्या आईने लहानपणी हात बांधला नाही का तुझा?" सगळा मांडव हसला. तू शेजारीच उभा होतास. तुझा डावा हात खिशात होता.

मग मला पुढे बोलावलं. शाल, नारळ. सरपंचांनी विचारलं, "बबन, डावा हात असा कसा चालवलास रे? आम्हाला तर वाटलं दुसऱ्याच कोणाचा आहे." तेवढंच उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्याच कोणाचा आहे, हा काय इथे उभा आहे. तेवढंच. पण माझ्या हातात माइक होता आणि माइक हातात आला की माझ्या तोंडाला खरं रुचत नाही. म्हणालो, "तीन महिने उजवा हात बांधून झोपलो! डाव्यानेच जेवलो, डाव्यानेच दाढी केली!" टाळ्या. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि वश्याने काय केलं?"

मी म्हणालो, "वश्या? तो एक-दोन दिवस आला होता. सामान उचलायला."

म्हणालो आणि तुझ्याकडे बघितलं. सवयच होती. मी आकडा फेकायचा आणि तू दुरुस्त करायचा. अकरा दिवस तू त्या सदऱ्यात कुबड होऊन उभा होतास, कारखान्यात खाडे करून. मी थांबलो होतो वश्या, शपथेवर सांगतो. तू 'अकरा' म्हणाला असतास तर मी तिथल्या तिथे माइकवर म्हटलं असतं, हसण्यावारी नेलं असतं, सगळं निभावलं असतं. आयुष्यभर मी सगळे आकडे फुगवून सांगितले. एकच आकडा कमी करून सांगितला. आणि तो एकच तू दुरुस्त केला नाहीस.

तू पडद्याची दोरी सोडायला गेलास.

तीन वर्षं गेली. पुढच्या मॅचला तू फळा घेऊन आलास, माझे षटकार पुसून चौकार केलेस, सगळं तसंच. लोक मला लग्नात धरायचे, "डाव्या हाताने एक फूल कोरून दाखवा ना." मी म्हणायचो, "अहो, तो आत्मा निघून गेला ना शेवटी! आता हा साधाच हात उरलाय." हशा हमखास. तुझ्यासमोरही दोनदा बोललो. आता तेच वाक्य तोंडात आलं की गिळतो.

तू गेलास ते कामावर, ठोकळ्यासमोर बसल्या बसल्या. मी तलासरीला एका लग्नात माइकवर होतो. त्याबद्दल अजून काही सांगता येत नाही.

बाराव्याला आम्ही सगळे अंगणात मांडवाखाली बसलो होतो. भूकंपाचे सारखे हादरे बसतात म्हणून आता घरात फार वेळ कोणी बसत नाही, म्हातारी माणसं तर नाहीच. जेवणं झाली. वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचं हलतं चित्र कुठेच नाही. फोटोत सगळीकडे खांबासारखे ताठ. तुमच्या पिक्चरमध्ये हात आहे ना? आईंना दाखवा. त्यांना माहीतच नाही."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"मी म्हणत होते ह्यांना. लोकांत बोला म्हणून. तर म्हणाले, राहू दे, थाप आहे त्याची. त्याला दुसरं काय येतं?"

ऐकलंस? तुझंच वाक्य मला असं बाराव्या दिवशी मिळालं. त्यात राग किती आणि माया किती, ते विचारायचं तर तू नाहीस. मी रोज ते वाक्य उलटंपालटं करून बघतो. तुझ्या डायसारखं आहे. उलटीकडून काही वाचता येत नाही.

हितेश आला होता. त्याने गाडीतून टीव्ही आणला, मांडवाच्या कनाती सोडून भर दुपारी अंधार केला. काकींना, तुझ्या आईला, पुढे खुर्ची दिली. सगळा पाडा मागे. काकी म्हणाल्या, "ह्याच बबनचा पिक्चर ना? आज कशाला?"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माइक नव्हता, वश्या. विनामाइकचा माझा आवाज कसा येतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. फार बारीक येतो.

"काकी, ह्यातला डावा हात माझा नाही."

"मग कोणाचा?"

"वश्याचा. तो माझ्या मागे उभा असायचा, सदऱ्यात. मी तेव्हा खोटं सांगितलं."

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही. काकींनी विचारलं, "किती दिवस उभा होता?"

जीभ वळवळली. खरं सांगतो, एकदा वाटलं 'महिनाभर' म्हणावं, म्हणजे निदान तुझी बाजू तरी मोठी होईल. मग म्हणालो, "अकरा."

"वाकून?"

"वाकून."

"आणि शाल?"

"माझ्याकडे आहे."

"थंडीत पांघरतोस?"

"हो."

"ऊब येते?"

हितेशने पिक्चर लावला. काकी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. अख्खा पिक्चर त्यांनी एका बाजूने बघितला. चिकूचा सीन आला. साल एका पट्टीत उतरत गेली. काकी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "हाच हात मी बांधायचे. जेवताना पदराने बांधायचे. रडायचा नाही, नुसता बघत बसायचा." मग त्यांनी विचारलं, "तोंड कुठे आहे त्याचं?"

"तोंड नाही दिसत, काकी."

"मग तो आहे कुठे?"

मी टीव्हीवर गणपाच्या कुबडावर बोट ठेवलं. "हे त्याचं डोकं."

हितेशने चित्र थांबवलं. काकी उठल्या आणि त्यांनी काचेवर, त्या कुबडावर, तळवा ठेवला. किती वेळ, ते मी मोजलं नाही. तुला विचारायला हवं होतं.

मग त्या वळून म्हणाल्या, "कसा उभा राहायचा, दाखव."

वहिनी आत गेल्या आणि ट्रंकेतून सदरा घेऊन आल्या. निळा, चौकड्यांचा, धुऊन घडी घातलेला. हितेश पुढे झाला, "बबनभाई, मी पुढे उभा राहतो. तुम्ही मागे." त्याचा डावा हात बांधला. मी वाकलो, चिरेतून आत शिरलो, कपाळ त्याच्या पाठीला लावलं आणि डाव्या बाहीत हात घातला.

वश्या, आत काहीच दिसत नाही रे. मला वाटायचं, चौकड्यांतून थोडंफार दिसत असेल. काही नाही. कापडाचा वास, दुसऱ्याच्या पाठीची उष्णता आणि बाहेरची बोलणी, विहिरीतून यावीत तशी. कंबर दोन मिनिटांत भरून आली. अर्ध्या मिनिटात. बाहेर कोणीतरी माझ्या हातात चिकू दिला. मी नखाने सोलायला गेलो, तो पिचकून बाहीत गेला. उरलेला हितेशच्या तोंडात घालायला गेलो, तो त्याच्या कानात. लोक हसले. बारा दिवसांनी तुझ्या अंगणात पहिल्यांदा हसले आणि मी त्यातला एकही चेहरा बघू शकलो नाही. अकरा दिवस तू हसू असंच ऐकलंस. मी पुढे उभा राहून ते सगळं माझ्या तोंडावर घेतलं.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी टेकलं. कापडावरून. हात होता, म्हातारा, हलका. तो डोक्यावरून मानेपर्यंत गेला आणि परत वर आला.

"दम लागला का रे?" काकींनी विचारलं.

त्या कोणाला विचारत होत्या, मला माहीत नाही. आपल्या पिक्चरमध्ये आत्मा येतो तेव्हा टाळ वाजतो, धूर निघतो. इथे काही वाजलं नाही. तू आला नाहीस. मी नीट लक्ष देऊन थांबलो होतो, तरी नाही आलास. त्या सदऱ्यात मी एकटाच होतो. आणि आयुष्यभर ज्याच्या तोंडाला उत्तर कमी पडलं नाही, तो मी गप्प राहिलो. तू राहायचास तसा.

हितेश कुजबुजला, "शेवट करू ने. सलाम मारा."

मी हात वर नेला. सलामासाठी नाही. चाचपडत हितेशच्या गळ्यापाशी गेलो आणि वरचं बटण शोधलं. एका हाताने, डाव्या, न बघता, दुसऱ्याच्या गळ्याचं बटण लावून बघ म्हणावं कोणालाही. पहिल्यांदा काज सापडलं नाही. मग काज सापडलं, बटण सुटलं. हितेशचा श्वास थांबलेला मला पाठीतून कळला, आणि तेवढ्यात बटण आत सरकलं. मी हात खाली सोडला.

टाळी पडली नाही. तू म्हणालाच होतास.

शाल मी त्याच संध्याकाळी काकींच्या खाटेवर ठेवून आलो. लोकांना आता हे सगळं मी सांगतो, आणि सांगताना तोंडात येतं की पहिल्याच झटक्यात बटण लागलं. कोणी कापणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मीच थांबतो, फळ्याकडे बघावं तसं शेजारी बघतो, आणि सांगतो.

सात वेळा प्रयत्न केला. सातव्यांदा लागलं.